वाड्याचा मागचा चौक पडला, तिथे नवं घर कसं बांधावं? महिरप सोडा, खण धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाईत तुमचा दोन चौकी वाडा आहे. दिंडी दरवाजा, देवडी, पुढचा चौक आणि त्याभोवतीची ओसरी अजून धडधाकट आहे. मागचा चौक मात्र गेल्या काही पावसाळ्यांत बसत बसत गेला. आता तिथे जोती, अर्ध्या भिंती आणि लाकडाचा ढीग उरलाय. त्या जागेवर राहण्याजोगं नवं घर हवं आहे. एका वास्तुविशारदाने सुचवलं की सगळं 'पेशवेकालीन' दिसेल असं करू, सिमेंटचे सुरुदार (सुरूच्या झाडाच्या निमुळत्या घाटाचे) खांब आणि साच्यातून काढलेल्या महिरपी. दुसऱ्याचं म्हणणं, जुन्याची बरोबरी करायला जाऊच नका, सरळ काच आणि लोखंड वापरा. थोरले काका म्हणतात, होतं तस्संच पुन्हा उभं करा. आणि तुम्ही विचारताय की नवं आणि जुनं एकाच घरातलं वाटावं यासाठी नेमकं काय जुळायला हवं.

गेली तीस वर्षं मी पुणे, सातारा आणि कोकणातल्या जुन्या घरांचीच कामं करतोय, म्हणून आडवळण न घेता सांगतो. तिन्ही सल्ले घर बाहेरून कसं दिसेल यावरच अडलेत. वाडा बाहेरून आत असा कधी बांधलाच गेला नाही. आधी खण, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, ठरला, खणांचा सोपा (चौकाकडे उघडणारी पडवी) झाला, सोप्यांच्या मध्ये चौक राहिला, आणि सगळ्यात शेवटी रस्त्याकडची भिंत आली. ती बहुतेक कोरीच असायची. त्यामुळे जुळवायचं ते आतून जुळवा. खण घ्या, चौक घ्या, पाण्याची वाट घ्या, भिंतीचा स्वभाव घ्या. महिरपी जुन्याकडे आहेत, त्या तिथेच शोभतात.

टेप घेऊन पुढच्या ओसरीत जा. एका खांबाच्या मध्यापासून पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंत माप घ्या, आणि एकावर थांबू नका, अख्खी ओसरी मोजा. पाच फूट निघेल, सव्वापाच निघेल, कोपऱ्यात कदाचित साडेपाच. देशावरच्या ज्या वाड्यांची मी मोजणी केली, त्यांत हे माप बहुतेक वेळा पाच ते सहा फुटांत आलं, आणि एका वाड्यात एकदा धरलेलं माप सहसा सुटलेलं दिसलं नाही. आपली माणसं घर सांगायची ती खणांत: पाच खणांचा सोपा, तीन खणी माजघर. चौरस फुटांत घर सांगायला आपण अलीकडे लागलो. खण ठरायचा तो लाकडावर. छताची आडवी लाकडी कडी किती लांब टाकली तर लवणार नाही, तुळईला वजन किती झेपेल, सागाचा सोट बैलगाडीतून किती लांबीचा आणता येईल, या सगळ्याचं उत्तर म्हणजे खण. मग त्याच मापावर दार बसलं, कोनाडे बसले, पंगतीचे पाटही त्याच हिशेबाने मांडले गेले. वाड्यात शिरल्यावर जी एक शांत लय जाणवते ती या मापाची असते. नक्षी काढून टाकलेल्या, अगदी साध्या वाड्यातही ती जाणवते.

आता नव्या आरसीसी बांधकामाला दर सव्वापाच फुटांवर खांब लागत नाही. टाकलेच तर खांबांचं रान होईल. म्हणून मी असं करतो की तीन खणांना एक कॉलम धरतो. सव्वापाचच्या हिशेबाने पावणेसोळा फूट होतात, आणि हे आजच्या बांधकामाला अगदी सोयीचं अंतर आहे. मधल्या दोन खांबांच्या जागा मग खिडक्यांच्या चौकटींत दिसतात, कपाटांच्या उभ्या फळ्यांत दिसतात, फरशीच्या सांध्यांच्या रेघांत दिसतात. कोणी मोजत बसत नाही, पण जुन्या ओसरीतून नव्या घरात येताना पावलांची लय मोडत नाही. तेवढं साधलं की अर्धं काम झालं.

हे नुसतं माझं मत नाही, पाहायचं असेल तर साबरमतीला जा. गांधीजी राहत होते त्या हृदयकुंजाजवळ वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी गांधी स्मारक संग्रहालय बांधलं, १९६३ मध्ये. शेजारी इतकं साधं आणि इतक्या मोलाचं घर असताना नवा वास्तुविशारद काय करतो, हे शिकण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. कोरियांनी ६ मीटर बाय ६ मीटरचा एक खण धरला आणि तोच पुन्हा पुन्हा मांडला. काही खण झाकलेले, काही उघडे, मध्ये पाण्याचा चौक. विटांचे खांब, दगडी फरशी, लाकडी दारं, कौलारू छप्पर. खांबांवर ज्या काँक्रीटच्या पन्हळी आहेत त्याच तुळया आहेत, आणि त्यांतूनच पावसाचं पाणी वाहून जातं. हृदयकुंजातली एकही गोष्ट उचललेली नाही, आणि तरी दोन्ही एकाच घरातली वाटतात. काँक्रीट लपवलेलं नाही, त्याला लाकडाचा रंगही फासलेला नाही. आणि खणाची मांडणी असल्यामुळे पुढे त्याला आणखी खण जोडता येतात, जसा आपला वाडा पिढीमागून पिढी वाढत गेला तसाच.

दुसरी गोष्ट चौकाची. तुमच्या मागच्या चौकाची जोती शाबूत आहेत असं तुम्ही लिहिलंय. ती उखडू नका. ठेकेदार पहिल्याच दिवशी जेसीबी लावून 'जागा साफ' करू म्हणेल, त्याला ठाम नाही म्हणा. शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला आणि १८२८ च्या आगीत आतलं जवळजवळ सगळं गेलं, पण आजही तिथे उभं राहिलं की कोणता चौक कुठे होता, दिवाणखाना कुठे, कारंजं कुठे, हे कळतं ते केवळ जोत्यांमुळे. जोतं हा घराचा नकाशा आहे, दगडात काढलेला. तुमच्या घरचा कुठला कागद सापडो न सापडो, हा नकाशा तुमच्याकडे आहे.

चौक आहे तिथेच आणि आहे तेवढाच मोकळा ठेवा, आणि नव्या खोल्या त्याच्याभोवती बसवा. 'जागा वाया जाते' असं घरातलं कोणीतरी म्हणणारच. त्यांना उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता पुढच्या ओसरीत आणि मग शेजारच्या एखाद्या नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये बसवा, वेगळं काही सांगावं लागणार नाही. चौकातून तापलेली हवा वर जाते आणि जाडजूड भिंतींच्या सावलीतली गार हवा ओसरीत येते. दोन चौक असले की एक तापलेला आणि एक सावलीत असतो, आणि मधल्या माजघरातून वारा खेळतो. मागचा चौक बुजवला तर पुढच्या चौकाचंही हे चालणं मंदावेल. म्हणजे नव्याने जुन्याचा जीव घेतला असं होईल. नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीत १९८० च्या दशकात कोरियांनीच सात-सात घरं एकेका चौकाभोवती बसवली. चौक ही जुन्या श्रीमंतांची चैन आहे असं मानणाऱ्यांनी ती जरूर पाहावी, कारण ती साध्या उत्पन्नाच्या लोकांसाठी आखलेली घरं होती.

चौकातलं पाणी कुठून जातं ते मात्र आधी शोधा. फरशीखाली दगडी मोरी असते, बहुधा मागच्या परसाकडे उतरलेली. ती माती आणि मुळ्यांनी तुंबली असेल, आणि तुमचा मागचा चौक पडण्याचं कारणही तेच असण्याची दाट शक्यता आहे. दोन बादल्या पाणी ओता, किती वेळात उतरतं ते घड्याळ लावून बघा. उतरलं नाही तर बांबूच्या कामट्या घालून वाट मोकळी करा आणि मगच पुढचं बोला. वाडे पावसाने पडत नाहीत, अडलेल्या पाण्याने पडतात.

याच ओघात एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी ती सांगतो: ओलं नव्यात, कोरडं जुन्यात. न्हाणीघरं, संडास, स्वयंपाकघराचं सिंक, कपडे धुण्याचं यंत्र, पाण्याच्या टाक्या, सगळं नव्या भागात न्या. जुन्या भागात एकही पाण्याचा नळ भिंतीतून नेऊ नका. बैठक, देवघर, झोपायच्या खोल्या, पुस्तकं, झोपाळा हे जुन्यात ठेवा. जुन्या वाड्यातही न्हाणी आणि संडास मुख्य घरापासून लांब, परसातच होते. तीच रीत नव्या सोयींनिशी पुढे चालली. त्यामुळे लाकूड टिकतं, आणि म्हाताऱ्या माणसांना रात्री अंधारात परसात जावं लागत नाही. जुनं घर आणि नवं घर एकमेकांचा भार असा वाटून घेतात तेव्हा मला ते खरं जुळलेलं वाटतं.

आता सगळ्यात नाजूक जागा, सांधा. जुनं घर दोनशे वर्षांत बसायचं तेवढं बसलंय. नवं अजून बसायचंय. पहिली दोन-तीन वर्षं ते थोडं तरी खाली जाणार, आणि खाली काळी माती असेल तर उन्हाळ्या-पावसाळ्याबरोबर हलणार. नव्या स्लॅबचं टोक जुन्या भिंतीत खोचलं की ते जाताना भिंतीला बरोबर ओढतं. ही चूक मी स्वतः केली आहे. काम शिकत होतो तेव्हा एका घरात जागा वाचवायची म्हणून नव्या खोलीच्या तुळया जुन्या भिंतीत टेकवल्या. दुसऱ्या पावसाळ्यात कोनाड्याच्या कोपऱ्यातून एक तिरकी चीर वर गेली. तिच्यात पाच रुपयांचं नाणं उभं राहायचं. त्या घरातल्या आजींनी ती चीर कॅलेंडर लावून झाकली होती, मला वाईट वाटू नये म्हणून. ते कॅलेंडर मी बाजूला केलं तो क्षण अजून आठवतो. त्यानंतर एकाही कामात मी नव्याचं वजन जुन्यावर टाकलेलं नाही.

तुमच्याकडे जागा आहे, तेव्हा जुन्या आणि नव्याच्या मध्ये एक खण मोकळा सोडा. सव्वापाच फुटांचा बोळ. त्यावर काचेचं हलकं छत, ते पूर्णपणे नव्या बाजूच्या खांबांवर तोललेलं. जुन्या भिंतीच्या दरजेत चुन्याने बसवलेली पत्र्याची पट्टी त्या छतावर सैल उतरते, बस्स. या बोळातून माजघराच्या मागच्या काळोख्या खोल्यांना उजेड मिळतो, विजेच्या तारा आणि नळ त्यातून नेता येतात, आणि भूकंपात दोन्ही घरं आपापली हलतात. ही शेवटची गोष्ट तुमच्या जिल्ह्यात विसरून चालणार नाही. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, आणि आजही त्या बाजूला जमीन अधूनमधून हलते.

नव्या पायाचे खड्डे जुन्या भिंतीच्या कडेने एकदम लांबवर खणू देऊ नका. जुन्या भिंतीचा पाया कितपत खोल आहे ते एका ठिकाणी छोटा खड्डा घेऊन आधी पाहा. नवा पाया त्याहून खोल जाणार असेल तर एक खड्डा खणा, भरा, मग दुसरा. रात्रभर उघडा खड्डा आणि वळीव पाऊस, एवढंच पुरतं.

भूकंपाचा विषय निघाला म्हणून वाड्याच्या सांगाड्याविषयी दोन शब्द. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जवळजवळ आठ हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचा, म्हणजे सपाट मातीच्या छपराचा, ढीगभर बोजा, भिंत फुटली की सगळं अंगावर. पण त्याच गावांत, जिथे माळवद लाकडी खांबांच्या खणांवर उभं होतं, तिथे कित्येक घरांत भिंती बाहेर कोसळल्या आणि सांगाडा जागेवर राहिला, आतली माणसं वाचली. तुमच्या वाड्याचा पुढचा भाग त्याच रीतीचा आहे. छपराचा भार खांब-तुळयांवर आहे, भिंती बऱ्याचशा आडोशाच्या. म्हणून तिथे भिंत काढून दोन खोल्या एक करण्याआधी ती भिंत नुसती आडोसा आहे की आत खांब आहे, हे सुताराकडून तपासून घ्या. आणि खांबाला हात लावायचा नाही. आजच्या आरसीसी घरातही कॉलम-बीमचा सांगाडा भार घेतो आणि भिंती आडोसा करतात. म्हणजे तुमचं नवं घर आणि जुना वाडा रचनेने एकाच जातीचे आहेत. सिमेंटच्या महिरपीने जे साधणार नाही ते इथे आधीच साधलेलं आहे.

भिंतीबद्दल मात्र जुनं आणि नवं मुळात वेगळं आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त घरं बिघडतात. एका गावातल्या घराची गोष्ट सांगतो. भिंतीला ओल येते म्हणून मालकांनी खालून चार फूट सिमेंटचा गिलावा करून घेतला. तीन पावसाळ्यांनी मला बोलावलं. सिमेंट जिथे संपत होतं त्याच्या बरोबर वर हातभर रुंदीचा पट्टा क्षार फुटून पांढरा झाला होता. बोट फिरवलं की भुकटी गळायची. भिंतीत गाडलेल्या सागवानी खांबाच्या बुडाशी सिमेंट फोडून मी टोच्या टेकवला, जोर न लावताच तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओला भुसा, आणि कुजलेल्या पाल्यासारखा वास. वरून तो खांब इतका सुंदर दिसत होता की घरच्यांनी त्याला नुकतंच तेल लावलं होतं.

कारण सोपं आहे. मातीची किंवा चुन्यात रचलेली भिंत जमिनीतून थोडी ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडून देते. हा तिचा शेकडो वर्षांचा क्रम असतो. सिमेंटचा गिलावा बाहेरची वाट बंद करतो, आतली ओल वर चढते, बरोबर क्षार नेते आणि भिंतीतल्या लाकडाला भिजवत ठेवते. चुन्याचा गिलावा ती वाट उघडी ठेवतो. चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना राहतो. तो विझवून, मळून भिंतीवर लावला की हवेतून तोच वायू हळूहळू परत घेऊन तो पुन्हा दगड होतो. महिने लागतात. ज्याला पंधरा दिवसांत घर हवंय त्याला चुना झेपत नाही. त्या घरात आम्ही सगळं सिमेंट छिन्नीने उतरवलं आणि अख्खा उन्हाळा भिंत उघडी ठेवली. घरातल्या बाई रोज सकाळी भिंतीखालची पांढरी भुकटी सुपात भरायच्या. मेअखेरीला सुपात काही येईना, तेव्हा चुन्याचा पहिला हात दिला. कुजलेलं खांबाचं बूड कापून खाली नवा साग जोडला, जुन्या रीतीने खाच पाडून.

म्हणून पुढच्या चौकात सिमेंटचा कणही नको, दरजा भरायलासुद्धा नको. गूळ, मेथी, बेलफळाचं पाणी याचं प्रमाण प्रत्येक गवंडी आपापलं सांगेल. त्यावर वाद घालू नका, आधी चार बाय चार फुटांचा तुकडा करून घ्या, एक पावसाळा जाऊ द्या आणि मग ठरवा. नव्या घरात सिमेंट वापरायला माझी काहीच हरकत नाही. तिथे ते आपल्या जागी आहे.

नव्या घराचं जोतं मात्र काळ्या दगडाचं करा आणि पुढच्या जोत्याच्या उंचीला आणा, म्हणजे घरभर पायरी न चढता-उतरता जाता येईल. दगड तोच, पण घडाई आजची ठेवा. पुण्यात आयुकामध्ये कोरियांनी काळ्या दगडाचं काय केलंय ते पाहण्यासारखं आहे. खाली खडबडीत बेसॉल्ट, त्यावर काळा कडप्पा, आणि वर आरशासारखा गुळगुळीत काळा ग्रॅनाइट. दख्खनच्या कुठल्याही किल्ल्याच्या तटाशी नातं सांगणारी भिंत वर जाता जाता आकाश दाखवायला लागते. मधल्या चौकाला कुंडासारख्या पायऱ्या आहेत. खगोलशास्त्राची संस्था, १९९० च्या सुमाराची इमारत, एकही महिरप नाही, आणि तरी आपल्या मातीतली. मी दरवर्षी नव्या मुलांना घेऊन तिथे जातो आणि काही न बोलता भिंतीला हात लावायला सांगतो.

थोरल्या काकांचं म्हणणं भावनेचं आहे म्हणून बाजूला सारू नका, त्यात अर्धं खरं आहे. पुढच्या ओसरीचा एक खांब कुजला असेल तर तो सागाचाच, त्याच मापाचा, त्याच सुरूच्या घाटाचा घडवून घ्या. शेजारी अकरा खांब उभे आहेत, काय करायचं ते समोर दिसतंय. मागच्या चौकाचं तसं नाही. वर किती मजले होते, सज्जा होता की नव्हता, कौलं नळीची की थापीची, हे घरातले चौघे चार प्रकारे सांगतील. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत या बाबतीत एक फार शहाणी मर्यादा घालून दिलेली आहे: अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. त्याच सनदेत हेही आहे की हरवलेल्या भागाच्या जागी नवं घातलं तर ते एकूण इमारतीशी मिळतंजुळतं असावं आणि तरी नवं म्हणून ओळखू यावं. काचवाल्या वास्तुविशारदाने यातलं 'ओळखू यावं' एवढंच वाचलेलं दिसतं, आणि महिरपवाल्याने 'मिळतंजुळतं' एवढंच. दोन्ही एका वाक्यात आहेत आणि दोन्ही पाळता येतात.

पाळता येतात याचा मोठा दाखला मुंबईत ओव्हल मैदानावर आहे. एका बाजूला उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, एकोणिसाव्या शतकातलं दगडी गॉथिक. समोर १९३० च्या दशकात आलेल्या आर्ट डेकोच्या काँक्रीट इमारती. त्या लोकांनी समोरच्या कमानी उचलल्या नाहीत. पण मैदानाच्या कडेची एक ओळ धरली, आपापसात उंची सांभाळली आणि मुंबईचा पाऊस विसरले नाहीत. गॉथिकमध्ये पावसासाठी खोल व्हरांडे होते, इथे खिडक्यांवर लांब छज्जे आणि गोलाईच्या गॅलऱ्या आल्या. २०१८ मध्ये या ९४ इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत गेला तो दोन्ही बाजू मिळून. तुमच्या नव्या घराने रस्त्यावरून पाहताना पुढच्या वाड्याच्या आढ्यावर डोकं काढू नये आणि वळचणीची ओळ सांभाळावी, एवढा धडा त्यातून घ्या. दोन मजले हवेच असतील तर दुसरा मजला परसाकडे सरकवा.

लाकडाच्या ढिगाबद्दल वेगळं सांगतो, कारण तिथे वेळ फार कमी असतो. जुन्या वाड्यांचे खांब आणि दरवाजे विकत घेणारे लोक फिरत असतात, आणि घर पडल्याची बातमी त्यांना नातेवाइकांच्या आधी लागते. काही विकू नका. प्रत्येक सोटाला नंबर द्या, पत्र्याची चकती खिळ्याने ठोकून, खडूने नको. लांबी-रुंदी वहीत लिहा, खाचा कुठे आहेत त्याचं चित्र काढा. जमिनीपासून हातभर वर, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल असं रचा. यातलं निम्मं तरी चांगलं निघेल, सागाचं वरचं बोटभर काळं पडलेलं असतं, रंधा मारला की आत सोन्यासारखं असतं. ते नव्या घरात वापरा, पण कामाला लावा. जिन्याच्या पायऱ्या, खिडक्यांच्या चौकटी, चौकाभोवतीच्या पडवीचे खांब. दिवाणखान्यात शोभेला एक खांब उभा करून त्यावर दिवा सोडू नका. दोनशे वर्षं ओझं वाहिलेल्या लाकडाला रिकामं उभं करणं मला पाहवत नाही.

परवानगीचं थोडक्यात. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागते, तेव्हा ते अंतर आधी मोजून घ्या. नगरपरिषदेच्या वारसा यादीत वाड्याचं नाव आहे का ते पाहा. तुमची जागा दाट वस्तीच्या गावठाणात मोडत असेल तर बाजूच्या मोकळ्या जागेचे नियम निराळे असतात, त्यामुळे शेजारच्या वाड्याला लागून असलेली भिंत तशीच राहू शकते. आणि उताऱ्यावर ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांच्या सह्या नकाशा काढण्याआधी घ्या.

एक दिवस काढून मेणवलीला जा, तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. नाना फडणवीसांच्या वाड्यात टेप घेऊन फिरा, खण मोजा, चौकातून घाटाकडे पाणी कसं उतरतं ते बघा. जमलं तर पुण्याचा विश्रामबागवाडाही पाहा. तो १८७९ च्या आगीत होरपळला, पुन्हा उभा केला गेला, आणि टिकला तो वापरामुळे. त्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढे नगरपालिकेचं कार्यालयही होतं. वास्तुविशारदाला बरोबर न्या. तो टेप काढतो की मोबाइल काढतो ते पाहा.

नकाशे निवांत होऊ द्या, पण मृगाच्या आधी तीन कामं झालीच पाहिजेत. मागच्या चौकाच्या उघड्या पडलेल्या भिंतींचे माथे चुना-विटांच्या एका थराने उतार देऊन झाका, पाणी आत मुरता कामा नये. पुढच्या भागात ज्या तुळयांची टोकं आता उघडी पडली आहेत त्यांवर पत्र्याची टोपी घाला, पण खालून हवा लागेल अशी. आणि चौकाची मोरी. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन तिच्या तोंडाशी उभे राहा आणि पाणी कुठल्या बाजूने येतं, किती वेळात उतरतं ते वहीत लिहा. ती वही मला पाठवा, नव्या घराची पातळी त्यावरूनच ठरवू.